तुकडा क्रमांक चार

पडद्यावर बाळाला चेहरा नसतो.
असतं फक्त हाड, राखाडी,
माउसच्या एका बोटावर गरगर फिरणारं.
ब्रागे, पाच महिने.
आणि मी ऑस्लोच्या इस्पितळातल्या बिनखिडकीच्या तळघरात,
थर्मासमधली कॉफी सकाळपासून तशीच.

मधली शिवण मिटलेली.
जन्माआधीच कुणी घाईघाईने टाके घातले
आणि दोरा तोडला.
आत मेंदू वाढतोच आहे, त्याला कोण सांगणार?
रुंदीला वाट नाही म्हणून लांबीला निघाला.
पुढे कपाळ फुगलं, मागे टोक आलं.
आमच्या भाषेत याला म्हणतात
नावेसारखं डोकं.

हे मी त्याच्या बापासमोर बोलायला नको होतं.
टोर्गाइर हार्डांगर फ्योर्डच्या काठी नावा बांधतो,
त्याचा बाप बांधायचा, आजाही.
तो हसला नाही. रागावलाही नाही.
खुर्ची पुढे ओढून म्हणाला, दाखवा.

मी दाखवलं.
ब्रागेच्या कवटीवर दुसरी एक, हिरवी, काचेसारखी:
याच वयाच्या एकशे बारा मुलांची सरासरी.
ती कुणाचीच नाही.
त्या एकशे बारांतलं एकही डोकं
तिच्याशी तंतोतंत जुळत नाही,
तरी आम्ही सगळ्यांना तिच्याकडे ढकलतो.
(हे मी त्याला सांगितलं नाही.)

लाल रेघ म्हणजे करवत.
तुकडे सात.
दोन नंबरला तीन चिरा, म्हणजे तो वाकेल.
चार नंबर उलटा फिरवून मागे.
वर विरघळणाऱ्या पट्ट्या, वर्षभरात नाहीशा होतात.
यंत्र रातोरात पांढरा साचा छापेल,
त्याच्या कडेकडेने डॉक्टर मोग्स्टाड कापतील.

त्याने विचारलं, लाकूड किती ओलं आहे?
आणि ओशाळला.
मी म्हटलं, या वयात वाकतं. जाड पुठ्ठ्यासारखं.
पुढच्या वर्षी वाकणार नाही.
त्याने मान हलवली.
हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं.
"फळी आराखड्याचं ऐकत नाही," तो म्हणाला,
"बोटभर जागा ठेवा."

सॉफ्टवेअरमध्ये बोटभर हे माप नाही.
मी दोन मिलिमीटर लिहिले.

ओशिल्ड पडद्याकडे पाठ करून बसली होती,
बाळाच्या टाळूवर तळहात,
खाली धडधडतं ते झाकून.
तिचा एकच प्रश्न:
कापून जे उरतं, त्याचं काय करता?

अकरा वर्षं या कामात,
मला ठाऊक नव्हतं.
संध्याकाळी विचारून आले आणि फोन केला.
भुकटी करून फटींत भरतात.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ती म्हणाली, बरं. म्हणजे त्याचंच त्याच्याकडे.

मंगळवार. मी काचेपलीकडे.
सहा तुकडे साच्यात बसले.
चौथा बसेना. तीन मिलिमीटर वर.
मोग्स्टाडनी साचा बाजूला ठेवला,
अंगठ्याने दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं,
आणि म्हणाले, राहू दे. त्याला तिथेच बरं वाटतंय.

माझ्या फायलीत ती जागा लाल झाली.
अजून लालच आहे.

दहा महिन्यांनी ते तिघं आले.
गरजेशिवाय मुलाला पुन्हा यंत्रात घालत नाहीत,
त्यामुळे माझ्याकडे आकडा नाही.
नुसते केस, वाळलेल्या गवताच्या रंगाचे,
आणि त्यांच्यात कानापासून कानापर्यंत नागमोडी वाट.

ब्रागे टेबलाखाली शिरला,
उभा राहिला,
आणि ठक्.

आम्ही तिघंही जागच्या जागी.
तो रडला, डोकं चोळलं,
रडणं अर्धंच टाकून केबलच्या मागे लागला.

ओशिल्ड हसायला लागली, थांबेना.
टोर्गाइर मात्र वाकून
टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.
"ही कड," तो म्हणाला, "कुणी घासलीच नाही."